यावल अभयारण्य आणि सातपुड्यातलं जुनं जंगल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सिझनला लोक तेच तेच प्रश्न विचारून राहिले, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. वाघ-बिबट्याबद्दल इथे फार काही सापडणार नाही, झाडांबद्दल भरपूर आहे, कारण आपल्या खान्देशात पालला जाऊन आलेले शेकडो लोक आहेत पण अंजनाचं झाड दाखवा म्हटलं तर दहातले नऊ जण इकडेतिकडे बघतात. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

यावल अभयारण्य नक्की कुठे आहे? पाल म्हणजेच यावल अभयारण्य का?

जळगाव जिल्ह्यात, यावल आणि रावेर तालुक्यांच्या उत्तरेला, सातपुड्यात, थेट मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. १९६९ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं, क्षेत्र साधारण १७७ चौरस किलोमीटर. पाल हे रावेर तालुक्यातलं थंड हवेचं गाव, बहुतेक लोक तिथूनच जंगलात शिरतात म्हणून सगळे "पालचं जंगल" म्हणतात, पण अभयारण्य पालपुरतं नाही, जामन्या, लंगडा आंबा हा सगळा भाग त्यातच येतो. सावदा-फैजपूरकडून खिरोद्यावरून वर चढलं की केळी मागे पडतात आणि सागाचं रान सुरू होतं, वाटेत सुकी नदीवरचं गारबर्डी धरण लागतं.

तुम्ही प्राचीन जंगल म्हणता पण झाडं तर बारीक बारीक दिसतात, ते कसं काय?

हा प्रश्न चांगला आहे आणि खूप जण विचारतात. जंगल जुनं असणं वेगळं आणि आज उभं असलेलं खोड जुनं असणं वेगळं. सातपुड्याच्या या उतारांवर पानगळीचं रान फार पूर्वीपासून आहे, पण इंग्रजांच्या काळात इथला साग भरपूर तुटला, १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली, रुळांखालच्या स्लीपरला लाकूड लागलं, इमारतींना लागलं, मग १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलं झाली आणि तोडही ठरवून व्हायला लागली. त्यानंतर आपल्या लोकांनीही काही कमी तोडलं नाही. त्यामुळे आज दिसणारा बराचसा साग हा जुन्या बुंध्यातून परत फुटलेला आहे.

ओळखायचं कसं? एखाद्या सागाच्या बुडाशी जाऊन उभे राहा, मातीलगत खोड नेहमीपेक्षा जास्त जाड आणि गाठाळ दिसेल, त्यातून दोन किंवा तीन खोडं एकमेकांपासून थोडी वाकून वर गेलेली असतील, मधोमध कुजलेला खड्डा असेल आणि त्यात माती, पानं, कधी कधी पावसाचं पाणी साचलेलं असेल. तो खड्डा म्हणजे जुन्या तोडलेल्या झाडाची जागा. वरचं खोड चाळीस-पन्नास वर्षांचं असू शकतं पण खालचं मूळ त्याहून बरंच जुनं. म्हणून मी सारखं सांगतो की हे जंगल वर बघून मोजू नका, बुडाशी बघा. खरी जुनी, न तुटलेली झाडं बघायची असतील तर ती खोल नाल्यांच्या कडेला उरलीत, जिथे बैलगाडी किंवा ट्रक जाऊ शकत नव्हता तिथे. अर्जुन सादडा, जांभूळ, आंबा, बेहडा, एकेक बुंधा दोघा-तिघांच्या कवेत न येणारा.

आम्ही मे महिन्यात गेलो, सगळं वाळलेलं, भकास. जंगल मेलंय का?

नाही हो! मेलेलं नाही, ते तसंच असतं. हे पानझडी जंगल आहे, इथे साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो तोही चार महिन्यांत, आणि उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशात पानं ठेवली तर झाडाचं पाणी पानांतूनच उडून जाईल, म्हणून झाड पानं टाकून देतं आणि गप्प उभं राहतं. साग हिवाळ्यापासूनच पानं टाकायला लागतो आणि पावसापर्यंत उघडा असतो. सालईचं तर आणखी वेगळं, पान एक नाही आणि फांद्यांच्या टोकाला बारीक पांढरट फुलं.

आणि खरं सांगू का, नीट बघितलं तर मार्च-एप्रिलमध्येच हे जंगल सगळ्यात जास्त कामात असतं. कुसुमाला लालभडक पालवी येते, लांबून बघणाऱ्याला फुलंच वाटतात. मोहाची फुलं पडतात आणि मागोमाग तांबूस पालवी फुटते. अंजन कोवळा लालसर होतो आणि नंतर भर उन्हात हिरवा होऊन उभा राहतो, आजूबाजूला सगळा पाचोळा असताना. पाऊस पडायच्या आधी, कोरड्याठाक जमिनीतून हे पाणी ही झाडं कुठून आणतात याचा विचार करा एकदा.

झाडं ओळखायची कशी? सुरुवात कोणापासून करू?

चार झाडांपासून करा. अंजन, सालई, कहांडोळ, धावडा. साग सगळ्यांना येतोच (नसेल येत तर वाटेवर पडलेलं ताजं कोवळं पान बोटांनी चोळा, बोटं लाल होतात, मुलांना फार आवडतं).

अंजन : हे माझं सगळ्यात लाडकं झाड, त्यामुळे जास्त लिहितोय. पान बघा, दोन दलं जोडीने, देठाला चिकटलेली, आपट्यासारखं वाटतं पण आपट्याचं पान एकच असतं आणि मधे चिरलेलं, अंजनाची दोन दलं पार वेगळी असतात. फांद्या बारीक, खाली लोंबणाऱ्या. शेंग चपटी, पातळ, पंखासारखी, टोकाला एकच बी, उन्हाळ्यात वारा सुटला की गिरक्या घेत लांब जाते. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, भारतातल्या सगळ्यात कठीण आणि जड लाकडांमध्ये त्याची गणना होते. रोप उगवलं की आधी मूळ खोल पाठवतं, वर नुसती वीतभर काडी आणि खाली मूळ कुठल्या कुठे गेलेलं, म्हणून मुरमाड, खडकाळ जागेतही हे तग धरतं. आणि ढोरांना याचा पाला फार आवडतो, तोच त्याचा घात. फांद्या छाटून छाटून काही ठिकाणी नुसती ठुंठं उरलीत.

सालई : खडकाळ उतारावर दिसेल, साल राखाडी-हिरवट, कागदासारखी पापुद्रे सुटणारी. पान कडुनिंबाच्या पानाची आठवण करून देणारं, कडा दातेरी. सालीतून जो डिंक येतो तो धूप म्हणून जाळतात, औषधातही जातो.

कहांडोळ : हे एकदा बघितलं की विसरणं नाही. उन्हाळ्यात पांढरं-गुलाबी गुळगुळीत खोड, पान नाही, चांदण्या रात्री तर दुरून चमकतं, म्हणून याला भुताचं झाडही म्हणतात. फळं लाल, चांदणीसारखी पाच फाकांची, वर बारीक कुसं असतात ती टोचतात, हात लावू नका. याचाच तो कराया डिंक, आईस्क्रीमपासून औषधांपर्यंत कुठे कुठे जातो. पण डिंकासाठी खोल घाव घातले की झाड सावरत नाही, सातपुड्यात कित्येक कहांडोळ असेच गेले.

धावडा : फिकट, गुळगुळीत साल, बारीक पान, हिवाळ्यात पानं तांबूस होतात. डिंकाच्या लाडवात जो चांगला डिंक असतो तो याचा. आई-आजी ज्याला "धावड्याचाच आणा" म्हणून सांगतात तोच.

या चौघांची ओळख झाली की मग तेंदू, चारोळी, हळदू, मेडशिंगी, तिवस, शिवण, खैर, बेल, बिबा, बहावा हे सगळे आपोआप येतात, घाई करू नका.

सप्टेंबरमध्ये गेलो तर सागाच्या पानांची पार जाळी झालेली. रोग पडलाय का?

रोग नाही, अळी आहे. सागाच्या पानाचा हिरवा भाग खाऊन फक्त शिरा ठेवते, पानं जाळीसारखी दिसतात आणि अख्खा डोंगर करपल्यासारखा तपकिरी होतो. दरवर्षी कमी-जास्त होतंच. झाड मरत नाही. अळ्या खायला पक्षी जमतात, आणि फवारणी करा म्हणून जे लोक सांगतात त्यांनी असं अजिबात करू नये आणि सुचवूही नये, अभयारण्य आहे ते, कपाशीचं वावर नाही.

फुलांसाठी कधी जाऊ?

फेब्रुवारी-मार्च, भोंगऱ्याच्या म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या आसपास. पळस आणि काटेसावर फुललेली असते, गणेरीची मोठी पिवळी फुलं उघड्या फांदीवर दिसतात, पांगाराही. बहाव्यासाठी एप्रिल-मे. साग स्वतः पावसाळ्यात फुलतो, हे खूप लोकांना माहीतच नसतं.

आणि पावसाळ्यात?

पावसाळ्यात खाली बघून चाला. पहिले दोन-तीन पाऊस झाले की जमिनीतून कंद जागे होतात. रानहळदीचं गुलाबी-जांभळट तुऱ्याचं फूल पानांच्या आधी किंवा पानांबरोबर येतं, सफेद मुसळीची पांढरी बारीक फुलं गवतात दिसतात, मग जुलै-ऑगस्टपासून कळलावी झुडपांवर चढते, तिची लाल-पिवळी फुलं सगळ्यांना फोटोत पाहिजे असतात. फोटो काढा, पण तोडू नका, आणि तिचा कंद फार विषारी आहे हे लक्षात ठेवा. मान वर केली तर मोह, आंब्यासारख्या जुन्या झाडांच्या खरखरीत फांद्यांवर ऑर्किड दिसतं, आपल्याकडे बांदा किंवा रास्ना म्हणतात. पण सगळ्यालाच बांदा म्हणतात त्यामुळे घोळ होतो. झाडाचा रस पिणारा बांदा वेगळा, त्याने झाडाचं नुकसान होतं. ऑर्किड नुसतं फांदीवर बसलेलं असतं, झाडाचं काही घेत नाही, त्यामुळे झाड "साफ" करायच्या नादात ते ओढून काढू नका. आणि ते जुन्याच झाडावर जास्त येतं कारण त्याला मुळं पकडायला भेगाळ साल लागते. कोवळ्या, गुळगुळीत खोडावर ते कुठून येणार.

थोडी मुसळी, आवळे, डिंक घरी आणले तर काय बिघडतं?

कायद्याने बिघडतं आणि जंगलाचंही बिघडतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही वनोपज काढता येत नाही. मुसळीचं तर विशेष सांगतो. ती कंदासाठी खणतात, म्हणजे रोपच गेलं, आणि बी पडायच्या आधी खणली तर पुढच्या वर्षीचीही गेली. सातपुड्यात मुसळीला भाव आल्यापासून जिथे ती भरपूर होती तिथे आता शोधावी लागते. लागत असेल तर शेतात लावलेली विकत मिळते, ती घ्या.

चारोळीचंही तसंच, दुसरा आपल्या आधी नेईल या भीतीने लोक कच्चीच तोडतात, कधी फांदीसकट, मग नवीन रोप येणार कुठून.

मग आदिवासी कसे नेतात? त्यांना वेगळा नियम का?

कारण ते तिथे राहतात. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी यांची गावं-पाडे या जंगलात आणि जंगलाच्या कडेला आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा गौण वनोपजावरचा आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क मान्य केलाय. मोह, तेंदूपान, डिंक, चारोळी यावर त्यांचं घर चालतं. कोणतं झाड कधी फुलतं, कोणत्या नाल्यात पाणी टिकतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही, वाघदेवाला मानणारी माणसं आहेत ती.

पण हेही स्पष्ट लिहितो की त्या तारखेनंतर रात्रीतून झाडं पाडून, बुंध्यांना आग लावून केलेली नवीन शेती हा हक्क नाही, आणि यावलच्या जंगलाचं त्याने खूप नुकसान झालंय. त्यामागे बरेचदा बाहेरचा पैसा आणि लाकडाचा धंदा असतो. जुन्या पाड्यावरचा माणूस आणि हा धंदा, दोघांना एकाच मापात मोजणं मला मान्य नाही.

वणवे कोण लावतं? आपोआप लागतात का?

आपोआप जवळजवळ कधीच नाही. वन खात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. मोहाची फुलं पहाटे पडतात, पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो विझवला नाही की पसरतो. तेंदूला नवीन पानं चांगली फुटावीत म्हणून, चांगलं गवत यावं म्हणूनही लावतात. आणि बिडी-सिगारेटचं थोटूक टाकणारे, चूल पेटवणारे पर्यटक, म्हणजे आपणच.

आगीने मोठा साग मरत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही. पण एक-दोन वर्षांचं रोप, पडलेलं बी, पाचोळ्याखालची ओल, सगळं जातं. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर जाऊन बघा, मोठी झाडं आहेत, गुडघ्याएवढी रोपं नाहीत, मधलं वयच नाही, म्हणजे आजी-आजोबा आहेत आणि घरात एकही लेकरू नाही. त्या जागी मग घाणेरी शिरते, उग्र वासाची रानतुळस शिरते, आणि एकदा घाणेरीची जाळी झाली की खाली दुसरं काही येऊ देत नाही. मोहाखाली पाचोळा झाडूने बाजूला केला किंवा जुनी साडी-जाळी अंथरली तरी काम होतं, काही पाड्यांवर लोक करतातही. मार्चच्या आधी वनमजूर जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढतात तेव्हा मदतीला माणसं लागतात, ज्यांना जंगलासाठी खरंच काही करायचंय त्यांनी तेव्हा वनपालांना विचारून जावं.

झाडं लावायला येऊ का? सीडबॉल (बी घातलेले मातीचे गोळे) टाकू का?

भावना चांगली आहे पण अभयारण्यात नको. जिथे जिवंत मुळं जमिनीत आहेत तिथे खड्डे खणून बाहेरची रोपं लावायची गरज नसते, आग आणि कुऱ्हाड पाच-सात वर्षं थांबवली तर बुंधे आपणहून फुटतात. सीडबॉलमध्ये गुलमोहर, सुबाभूळ असलं काही घालून आणतात लोक, ते तर अजिबात नको. आपल्या बांधावर, गावच्या नाल्यावर लावा ना, अंजन लावा, मोह लावा, कडुनिंब लावा. अंजनाचं रोप पिशवीत फार दिवस ठेवू नका, मूळ गोल फिरतं, बी थेट जमिनीत टाकलेलं बरं.

वाळलेली, पोकळ झाडं वन खातं तोडून का नाही टाकत? लाकूड वाया जातंय.

वाया जात नाही, त्यात कोणीतरी राहतं. वन पिंगळा नावाचं छोटं घुबड, १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, संपलं असं धरून चालले होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहादा भागात, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात ते परत सापडलं. ११३ वर्षांनी! पुढे यावल अभयारण्यातही दिसलं. ते जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतं. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, ती जागा कुजावी लागते, सुतार पक्ष्याने टोचावं लागतं. रोपवाटिकेतून ढोली आणता येत नाही. म्हणून एखादं वाळकं झाड उभं दिसलं तर ते उभंच राहू द्या.

रोशा गवताबद्दल ऐकलं, ते खरं आहे का?

खरं आहे. रोशा हे सुवासिक गवत खान्देशच्या डोंगरांवर भरपूर यायचं, अजूनही उतारांवर दिसतं, पान चुरगाळलं की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या भागात पाऊस संपताना फुलोरा आलेलं गवत कापून, नाल्याकाठी भट्ट्या लावून त्याचं तेल काढायचे. ते मुंबईला जायचं, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात (बल्गेरिया तेव्हा बराच काळ तुर्की अंमलाखालीच होता), आणि तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. म्हणजे बल्गेरियाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अत्तरात आपल्या डोंगरातलं गवत होतं! संधिवातावर चोळायलाही हे तेल वापरायचे.

आम्ही केळीवाले, आम्हाला या जंगलाचं काय?

सगळ्यात जास्त तुम्हालाच. रावेर-यावलची केळी विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर उभी आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जो गोटे-वाळूचा पट्टा आहे, ज्याला बझाडा म्हणतात, तिथे डोंगरातून आलेलं नाल्यांचं पाणी जमिनीत मुरतं आणि पुढे तुमच्या विहिरींपर्यंत पोचतं. वर झाडं आणि पाचोळा असेल तर पाणी सावकाश, गाळ न आणता येतं. उतार उघडा पडला तर तेच पाणी दोन तासांत मातीसकट तापीत जातं, आणि येताना तो गाळ पाणी मुरायच्या जागाच बुजवून टाकतो. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं याचा सगळ्यांना अभिमान आहे, मलाही आहे, पण बोअर दरवर्षी खोल खोल चाललेत हे पण सगळ्यांना दिसतंय. पुनर्भरणाच्या मोठमोठ्या योजनांची चर्चा होते, व्हायलाच पाहिजे, पण वरचं जंगल ही चालू असलेली योजना आहे, ती आधी राखा.

पाटणादेवी आणि तोरणमाळ पण यातच येतं का?

नाही. पाटणादेवी चाळीसगावजवळ, सातमाळा-अजिंठा रांगेत, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. तोरणमाळ सातपुड्यातच पण नंदुरबार जिल्ह्यात. झाडं बरीचशी ओळखीची भेटतील, दोन्हीकडे जरूर जा.

मुलांना घेऊन जायचंय, काय सांभाळायचं?

खाजकुयलीच्या शेंगा, हिवाळ्यापासून वेलींवर लोंबतात, सोनेरी लव मखमलीसारखी दिसते म्हणून मुलं हमखास हात लावतात, आणि मग रडारड. लागलीच तर चोळू नका, शेण किंवा माती लावून वाळल्यावर झटका. बिब्याचं फळ चेचू नका, फांदी तोडू नका, तेल अंगावर उततं आणि काहींना खूप जोरात उततं. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज नाही, धूर नाही, सेंट नाही, सरळ लांबून निघा. बाकी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट.

परवानगी लागते का, आणि जेवणाचं काय?

अभयारण्यात जायला वन विभागाची परवानगी लागते, नाक्यावर नोंद करा, दर आणि वेळ तिथेच विचारा कारण बदलत राहतात, उन्हाळ्यात आगीमुळे काही वाटा बंदही असतात. अंधार पडायच्या आत बाहेर या. चूल आत पेटवायची नाही, त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम ३० खाली गुन्हा आहे. भरीत आणि कळण्याची भाकरी घरून बांधून न्या, पाण्याच्या बाटल्या आणि कागद परत आणा. आणि सोबत कोणीतरी स्थानिक पावरा किंवा तडवी भाऊ वाटाड्या म्हणून घ्या, त्याचे पैसे नीट द्या, आणि त्याला आधी अंजन दाखवायला सांगा.